शेवटची मुदत ३१ मार्च

किरकटवाडीतल्या आपल्या गल्लीतल्या सर्व प्लॉटधारकांना, आणि विशेषतः ज्या अकरा जणांनी तीन पत्रांना उत्तर दिलेले नाही त्यांना, ही जाहीर सूचना आहे. चौथे पत्र निघणार नाही.

‘आम्ही टॅक्स भरतो, करेल की महापालिका’ हे ऐकून कान किटले, म्हणून पुन्हा लिहितो. ३० जून २०२१ ला आपले गाव पुण्याच्या हद्दीत आले, पण गल्लीखालची जमीन महापालिकेची झाली नाही. ती आजही आपल्या सर्वांच्या सामाईक मालकीची आहे. ताबा लिहून दिल्याशिवाय पालिका तिच्यावर खर्च करणार नाही, आणि कायद्याने ते बरोबरच आहे. एका मालकाची सही अडली तरी सगळे अडते. तोवर डांबर आपल्याच खिशातून.

म्हणून तर संस्था नोंदवली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसे पुरतात. आपल्याला ती गोळा करायला दीड वर्ष लागले. आधी वर्गणी एका काकांच्या कपाटात आणि हिशेब एका वहीत असायचा. काका सचोटीचे होते, वही मात्र पावसात भिजली. आता बँकेत खाते आहे, दोन सह्यांशिवाय पैसा हलत नाही, आणि संस्था उद्या गुंडाळली तरी शिल्लक सभासदांना वाटून घेता येत नाही. ‘कमिटीवाले खातात’ म्हणणाऱ्यांनी रविवारी सकाळी येऊन व्हाउचरे तपासावीत. अजून एकही जण फिरकलेला नाही.

वळणावरच्या विजेच्या खांबापाशी जाऊन पाहा. गेल्या वर्षी तिथे ताटाएवढा खड्डा होता; आज त्यात बादली बसते. दूधवाला तिथे गाडीवरून उतरून चालतो. डांबराचा वैरी पाणी, आणि आपण पागोळ्यांचे, गाड्या धुतल्याचे सगळे पाणी रस्त्यावर सोडतो. त्यात टँकर. दहा हजार लिटर म्हणजे नुसते पाणीच दहा टन. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, हा रस्ते-अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. त्या अकरांपैकी चौघांकडे टँकर येतो. जास्त बोलत नाही.

तर ३१ मार्चला संध्याकाळी सहापर्यंत थकलेली वर्गणी जमा करा आणि ताबा देण्याच्या संमतीपत्रावर सही करा. तारीख हट्टाची नाही. डांबरीकरण मृग लागायच्या आत उरकले पाहिजे, कारण ओल्या खडीला डांबर धरत नाही. गेल्या जूनमध्ये घाईने मारलेले ठिगळ गणपतीपर्यंतही टिकले नाही, आणि ते पैसे भरणाऱ्यांत मीही होतो.

सभासद असून ज्यांनी वर्गणी थकवली, त्यांच्यावर त्याच कायद्याच्या कलम १० खाली दावा लावला जाईल. कागद वकिलांकडे गेले आहेत. जे सभासदच नाहीत त्यांच्यावर हे कलम चालत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर इतके निवांत आहात. तुमची गाडी कोणी अडवणार नाही. वहिवाटीचा हक्क तुमचाही आहे, आणि ‘तोंडाशी गेट लावू, चावी देऊ नका’ ही सूचना आम्ही सभेत फेटाळली. पण वर्गणीतून होणाऱ्या नव्या गटाराला तुमच्या पागोळ्यांचा पाइप जोडला जाणार नाही. नळासाठी चर खणलात किंवा बांधकामाची खडी रस्त्यावर ओतलीत, तर दुरुस्तीचे बिल फोटोसह घरी येईल. आणि ताबा कोणाच्या सहीसाठी अडला आहे, ते प्लॉट नंबरांसह गल्लीच्या तोंडाशी फलकावर लिहिले जाईल.

संमतीपत्रे माझ्याकडे तळमजल्यावर आहेत. रात्री दहापर्यंत बेल वाजवा. फलकासाठी पेंटर १ एप्रिलला सकाळी येणार आहे. तारखेवरून कोणी थट्टा समजू नये. त्याला आगाऊ पैसे दिले आहेत.

— सचिव