‘डंकर्क’मध्ये गोष्ट नाही?




गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाने लिहिलं होतं की, ‘डंकर्क’ या युद्धपटासाठी पावणेदोन तास बसलो, पण नायक कोण ते कळलं नाही, कुणी कुणाशी धड बोलत नाही, गोष्टच नाही. पुण्यात मी ज्या खेळाला गेलो होतो तिथेही जिना उतरताना हेच ऐकू येत होतं. एक तरुण म्हणाला, ‘‘कुणी मेलं तरी काही वाटलंच नाही. तो कोण, कुठला, काहीच माहीत नाही ना!’’ त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

डोळ्यांसमोर बुडणाऱ्या माणसाविषयी काही वाटायला त्याच्या घरची माहिती कशाला लागते? वाळूवर पालथा पडलेला तो पोरगा आठवा. त्याच्या मागून एका ओळीत बॉम्ब पडत येतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा जवळ, आणि त्याला हलताही येत नाही. त्याचं नाव टॉमी. इंग्रजांकडे कुठल्याही साध्या शिपायाला टॉमी म्हणतात, म्हणजे नाव देऊनही दिग्दर्शक नोलन यांनी त्याला वेगळा काढलेला नाही. पहिल्या काही मिनिटांत तो काय करतो? नळीतून पाणी पिता येतं का बघतो आणि किनाऱ्यावर पोचल्यावर शौचाला आडोसा शोधतो. त्याच्या गावी कुणी वाट पाहतंय का, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.

माझे वडील १९६५ च्या लढाईत पलटणीबरोबर होते. आम्ही भावंडं ‘आबा, लढाईची गोष्ट सांगा’ म्हणून त्यांच्या मागे लागायचो. त्यांना आठवायची ती तहान, ओले बूट आणि न येणाऱ्या गाडीची वाट बघत काढलेली रात्र. शत्रू कसा होता, असं विचारलं की म्हणायचे, ‘‘दिसला कुठं? आवाज यायचा.’’ आमची तेव्हा निराशा व्हायची. ‘डंकर्क’मध्येही शत्रू सबंध वेळ आवाजातून कळतो आणि अगदी शेवटी धूसर आकृत्यांपुरता दिसतो. आबांची गोष्ट गोष्टच होती, हे मला या वयात, त्या काळोख्या थिएटरात कळलं.

आपल्याकडचा युद्धपट ‘बॉर्डर’ मला मनापासून आवडतो. तिथे जवानाचं घर दिसतं, पत्रं येतात, गाणी आहेत, आणि त्यामुळे त्यांच्या मरणाने गलबलून येतं. पण ‘बॉर्डर’पासून आपण प्रत्येक युद्धपट त्याच मापाने मोजत आलो आहोत. अबोल दृश्य आपल्या प्रेक्षकाला पेलत नाही, हेही मला मान्य नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’च्या शेवटी पडद्यावरचा आवाज थांबला, तेव्हा गावोगावची भरलेली थिएटरं जागच्या जागी बसून राहिली होती. ती माणसं आपणच होतो.

‘डंकर्क’ला शांत मात्र कुणी म्हणू नये. तो अबोल आहे. विमानांचा कर्कश आवाज, हान्स झिमर यांच्या संगीतातली घड्याळाची टिकटिक, यांनी कान दुखले ही तक्रार रास्त आहे. काही संवाद त्यात बुडून गेले, मलाही कळले नाहीत. पण जे कळायला हवं ते एका शब्दात कळतं. बोटीवर एक पोरगा जखमी होतो. ज्याच्या धक्क्याने तो पडला, तो भेदरलेला सैनिक विचारतो, तो बरा आहे ना? बोटवाल्याचा मुलगा आधी रागाने नाही म्हणतो. पुढे तोच प्रश्न पुन्हा येतो, तेव्हा पोरगा गेलेला असतो, आणि हा मुलगा हो म्हणतो. त्या एका ‘हो’साठी मी पुन्हा तिकीट काढेन.

आता थिएटरवाल्यांविषयी. १०६ मिनिटांच्या चित्रपटाला मध्यंतर कशासाठी? किनाऱ्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास, असे तीन काळ इथे एकमेकांत विणलेले आहेत. आमच्या खेळात वैमानिकाचं विमान पाण्यावर टेकलं आणि दिवे लागले. पंधरा मिनिटं जाहिराती आणि पॉपकॉर्न. पुन्हा अंधार झाला तेव्हा मागच्या रांगेत ‘हा तोच का?’ सुरू झालं. मग गोष्ट समजली नाही, हा दोष एकट्या दिग्दर्शकाचा कसा? मध्यंतराशिवाय किमान एक खेळ ठेवावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

एका तक्रारीला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि ती सर्वांत कमी ऐकू आली. १९३९ च्या डिसेंबरात मुंबईहून निघालेल्या हिंदी सैनिकांच्या चार खेचर-कंपन्या फ्रान्समध्ये ब्रिटिश फौजेचं सामान वाहत होत्या. त्यांत बहुसंख्य पंजाबी मुसलमान होते. त्यांतले कित्येक जण खेचरं मागे सोडून डंकर्कच्या याच किनाऱ्यावरून सुटले, एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली. २६ मे ते ४ जून १९४० या काळात तिथून सुटलेल्या ३ लाख ३८ हजार सैनिकांत हे लोक होते. पडद्यावर ते कुठेही नाहीत.

एखादा बडबडा चित्रपट असता तर कुणाच्या तोंडी एक ओळ घालून भागलं असतं. पण इथे शब्द जवळजवळ नाहीतच, चौकटीत दिसणारा चेहरा हीच साक्ष आहे. म्हणून तर, ज्यांना हा चित्रपट आवडला त्यांनी ही उणीव जास्त मोठ्याने सांगायला हवी. पाण्यात कमरेपर्यंत उभ्या असलेल्या त्या लांबलचक रांगेत एक फेटेवाला खेचरवाला उभा करायचा होता. त्याला संवादही द्यावा लागला नसता.

आपला,
एक वाचक, सातारा