कंगालखाना आणि उपाशी माणसाचा हक्क

दारिद्र्य हे आळसाचे फळ होय, हे मत पोट भरलेल्या माणसास फार लवकर पटते. इंग्लंडात १८३४ साली ह्या मताचा कायदाच झाला. तो कशासाठी झाला आणि त्याची झळ पुढे आमच्या दुष्काळपीडित शेतकऱ्यापर्यंत कशी पोहोचली, हे आमच्या व्यापारी वाचकांनी तरी एकदा नीट पाहावे. कारण ह्या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी कराचा प्रश्न होता.

एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीवर, आपापल्या निराधारांस पोसण्याची जबाबदारी टाकली होती व त्यासाठी स्थावरावर पट्टी बसविली होती. पुढे धान्य अतिशय महागले, तेव्हा १७९५ साली बर्कशायर परगण्याच्या मॅजिस्ट्रेटांनी स्पीनहॅमलंड येथे जमून असे ठरविले की, पावाच्या भावाला मजुराची मजुरी पुरेनाशी झाली म्हणजे पडेल ती तूट पट्टीतून भरून द्यावी. हेतू चांगला होता, ह्यात शंका नाही. परंतु ज्या मालकास मजुरी हलकी ठेवावयाची होती त्याची ह्यात आयतीच सोय झाली. नफा त्याच्या वहीत आणि तूट गावाच्या खात्यावर! १८३० नंतर हा खर्च वर्षास सुमारे ७० लक्ष पौंडांवर गेला, तेव्हा मोठी ओरड झाली. ती मात्र मालकाविरुद्ध नव्हे, मजुराविरुद्ध.

१८३२ साली कमिशन बसले. त्यातील नासॉ सीनियर आणि एडविन चॅडविक हे गृहस्थ बुद्धिमान होते. परंतु त्यांचा निकाल आधी ठरला होता आणि पुरावा मागाहून गोळा झाला, असेच पुढील संशोधकांपैकी अनेकांचे मत पडले आहे. त्यांनी तत्त्व असे घातले की, ज्यास मदत द्यावयाची त्याची स्थिती बाहेर राबणाऱ्या हलक्यात हलक्या मजुराहूनही वाईट असली पाहिजे, आणि धडधाकट माणसास मदत हवी तर त्याने वर्कहाऊसात, म्हणजे कंगालखान्यातच आले पाहिजे. आता बाहेरच्या मजुरासच जेथे धड पोटभर मिळत नव्हते, तेथे आतल्यास त्याहून कमी देणे म्हणजे मारणेच. तेव्हा अन्नाने साधेना ते अब्रूने साधण्याची तोड निघाली. नवरा एका अंगणात, बायको दुसऱ्यात, मुले तिसऱ्यात. अंगावर संस्थेचा पोशाख. काम म्हणजे खडी फोडणे, जुन्या दोरखंडांचे धागे पिंजणे आणि खतासाठी हाडे कुटणे. तुरुंगात जाण्यास निदान गुन्हा शाबीत व्हावा लागतो. येथे उपाशी असणे पुरे होते. मेल्यावर प्रेतास कोणी वाली नसला तर १८३२ च्या निराळ्या एका कायद्यान्वये ते वैद्यकशाळेत फाडण्यास देता येई.

हँपशायरमधील अँडोव्हरच्या कंगालखान्यात १८४५ साली जे उघडकीस आले ते लिहितानाही संकोच वाटतो. कुटण्यासाठी आणलेल्या कुजक्या हाडांना चिकटलेले मांस व आतला मगज भुकेलेली माणसे चोरून खात होती. पार्लमेंटने १८४६ साली चौकशी केली आणि १८४७ साली जुने कमिशन जाऊन त्याच्या जागी नवे बोर्ड आले. कमिशनर गेले, कंगालखाने राहिले! ती सारी व्यवस्था कायद्याने पुरती मोडण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

हे इंग्लंडचे झाले. परंतु ज्या माल्थसच्या शिकवणीने ह्या मतास बळ आले, तो हेलिबरी येथील कंपनीच्या कॉलेजात हिंदुस्थानात येणाऱ्या मुलकी अंमलदारांस अर्थशास्त्र शिकवीत होता, हे विसरून चालणार नाही. १८७७ साली, ऐन दुष्काळात, सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एवढ्यावर खडी फोडणारा माणूस जगणे कठीण, असे मद्रासेकडील आरोग्यखात्याचे डॉ. कॉर्निश बजावीत होते. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी केल्या आणि आमच्या इलाख्यातील कित्येक लोकांनी ही कामे सोडून दिली. आळशी माणूस आयती मजुरी टाकून जातो काय, हा प्रश्न साहेबांस पडला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १८८० च्या दुष्काळ कमिशनची. दुष्काळात गरिबास मदत मागण्याचा हक्क आहे असे एकदा मानले, तर तो हक्क सदासर्वकाळ आहे असे लोक म्हणू लागतील, अशी भीती त्या कमिशनने स्पष्ट बोलून दाखविली. म्हणजे पाहा, विलायतेतील तो निष्ठुर कायदासुद्धा निराधारास पोसणे हे सरकारचे कर्तव्य मानीत होता. तिकडचा कडकपणा तेवढा आमच्याकडे आला, आणि हक्क मात्र बंदरावरच अडकून राहिला!

स्वराज्यात काय झाले ? १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने, उपजीविकेचे दृश्य साधन नसता रस्त्यावर भटकणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत घातले आणि अशास वर्षानुवर्षे संस्थेत अडकवून ठेवण्याची तरतूद केली. अँडोव्हरचे भूत ते हेच. दिल्लीपुरती ह्या कायद्याची बरीच कलमे तेथील हायकोर्टाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविली. परंतु ह्याच महाराष्ट्राने दुसरी वाटही काढली, हे सांगितले पाहिजे. वि. स. पागे ह्यांच्या खटपटीने रोजगार हमी योजना निघाली, १९७२ च्या दुष्काळात ती वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. कोंडणे नाही, कुटुंबाची ताटातूट नाही. १८८० साली ज्या हक्काचे भय वाटले, तो येथे कलमांत लिहिला गेला.

ह्या हमीसाठी शहरच्या नोकरदारांवर, व्यापाऱ्यांवर आणि आम्हां वकिलांवरही १९७५ साली व्यवसायकर बसला. तो भरताना कुरकूर करणारे स्नेही आम्हांस नेहमी भेटतात. त्यांनी कुरकूर अवश्य करावी. मात्र ती, हा पैसा काम मागणाऱ्यापर्यंत वेळेवर का पोहोचला नाही आणि किती जणांस भत्ता दिला, हे कलेक्टर कचेरीत लेखी विचारून करावी.