नाव समाजवादाचे, मालकी कोणाची?

१९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द घातला गेला, आणि तेव्हापासून दोन पक्षांचा निष्फळ वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, देश समाजवादी होता म्हणूनच दरिद्री राहिला. दुसरा म्हणतो, समाजवाद जिवंत आहे, आणि पुरावा हवा असल्यास सातारा-सांगलीचे सहकारी साखर कारखाने पाहा. नाव लावल्याने वस्तू सिद्ध होते, असे हे दोघेही गृहीत धरतात. आम्हांस ते मान्य नाही.

१९५६ साली आयुर्विमा आणि १९६९ साली १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या, हे खरे. परंतु सरकार मालक झाले म्हणजे समाज मालक झाला, असे होत नाही. तसे असते तर टपाल व तारखाते चालविणारे इंग्रज सरकारही समाजवादी ठरले असते! २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य असा लावला, आणि तो खासगी उद्योगाच्या आड येत नाही, असे सांगितले.

दुसऱ्या पक्षाचा दावा अधिक वजनदार आहे. याच भूमीत १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार नांदले. त्याच पिढीतील वसंतदादा पाटलांनी पुढे सांगलीस शेतकऱ्यांचा कारखाना उभारला. अशा कारखान्यांना सरकारने भागभांडवल दिले, कर्जास हमी दिली; आणि भाग कितीही असोत, सभासदास मत एकच, हे तत्त्व कायद्याने बांधून दिले. भांडवलदारांच्या कंपनीत हे घडत नाही. याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु येथे उत्पादक सभासद कोण? ज्याच्या शेतात ऊस आहे तो. दरवर्षी बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून जी जोडपी येतात, हिशेबात ज्यांना ‘कोयता’ एवढेच नाव असते, जी मुकादमाची उचल अंगावर घेऊन टनाच्या दराने ऊस तोडतात आणि कोपीत राहतात, त्यांना भाग नाही, मत नाही, वार्षिक सभेत जागा नाही. उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवून देते. तोडणीच्या दरवाढीसाठी मात्र मजुरास संपाचे हत्यार उपसावे लागते. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होत असल्याने मजुराची वाढ ती सभासदाची घट ठरते. ज्या संस्थेच्या हिशेबातच हा विरोध बसलेला आहे, ती लहान मालकांची सहकारी संस्था होय. तीस समाजवाद म्हणणे शब्दाशी आणि श्रमाशी, दोहोंशी प्रतारणा आहे.

आमचे मागणे सरळ आहे. ऊस तोडणाऱ्यास सभासदत्व व मत द्या, त्यासाठी कायदा बदलावा लागल्यास बदला. नपेक्षा मोठे नाव खाली ठेवा. जो प्रयोग येथे पुरता झालाच नाही, त्याच्या यशाचा तोरा मिरविणे जितके पोकळ, तितकेच त्याच्या अपयशाचे सुतक पाळणेही पोकळ होय.