ग्रंथ हाती देणारा हवा

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र कपिलधार भाविकांनी फुलून जाते. बालाघाटाच्या कुशीतील, मांजरसुंब्यानजीकचे हे स्थान पावसाळ्यात धबधब्यासाठी ओळखले जाते. परंतु त्याची खरी ओळख म्हणजे संतशिरोमणी मन्मथस्वामींची संजीवन समाधी. वीरशैव तत्त्वज्ञान मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' या ग्रंथाद्वारे मराठी ओवीत आणले. मराठवाड्याच्या गावोगावी शिवनाम सप्ताहांमधून या ग्रंथाचे सामूहिक पारायण आजही होते. पारायणाला बसणाऱ्यांत शेतकरी असतात, किराणा दुकानदार असतात, शाळा अर्धवट सुटलेल्या गृहिणी असतात. यांपैकी अनेकजण स्वतःला 'वाचक' म्हणवून घेणार नाहीत. तरीही ते ग्रंथ ओळीने वाचतात, चुकले तर मागे जातात आणि समाप्तीपर्यंत उठत नाहीत.

हे कशामुळे घडते? श्रद्धा हे कारण आहेच. पण तेवढेच नाही. येथे कोणीतरी ग्रंथ आणून हातात ठेवतो, कोठून आरंभ करायचा ते सांगतो, अडलेल्या शब्दाचा अर्थ उलगडतो आणि शेजारी बसून वाचतो. ही जी 'हाती देण्याची' परंपरा आपल्या समाजाने शतकानुशतके सांभाळली, तीच आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून मात्र विरळ होत गेली आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांची 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी होते आणि वर्गानुसार अनुदान ठरते. वर्ग ठरविताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, कामाचे तास पाहिले जातात. या बाबी आवश्यक आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु सातवीतल्या मुलाला ग्रंथपालाने कोणते पुस्तक सुचविले आणि ते वाचून तो पुन्हा आला काय, याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. साहजिकच दाखल नोंदवही अद्ययावत राहते, कपाटांना कुलूप राहते आणि ग्रंथपाल पुस्तकांचा राखणदार होऊन बसतो.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे. यांतील दुसरे आणि तिसरे सूत्र कपाटाला पाळता येत नाही. त्यासाठी ग्रंथही जाणणारा आणि समोरचा माणूसही जाणणारा ग्रंथपाल लागतो.

असा ग्रंथपाल काय करील? आठ-दहा वर्षांच्या मुलाला तो प्रथम उपदेश देणार नाही. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' देईल. बारा वर्षांच्या मुलाला भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ची सायकल दाखवील. वाचनाची गोडी लागली की, 'श्यामची आई' आपोआप हाती येईल आणि साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या कारागृहात लिहिले, हे कळल्यावर मूल ते अधिक आदराने वाचील. इतिहासाची ओढ असलेल्या कुमाराला बाबासाहेब पुरंदऱ्यांचे 'राजा शिवछत्रपती' मिळावे. आकाशाकडे पाहत प्रश्न विचारणाऱ्या मुलीला जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि पक्ष्यांमागे हिंडणाऱ्याला मारुती चितमपल्लींची अरण्याची पुस्तके मिळावीत.

कापूस पिकविणाऱ्या बीडमधील तरुण शेतकऱ्याला हा ग्रंथपाल कोणते पुस्तक देईल? 'एक होता कार्व्हर'. गुलामीत जन्मलेला एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ अमेरिकेच्या अलाबामा प्रांतात कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीला भुईमुगासारख्या पिकांनी पुन्हा सकस कसे करावे हे गरीब शेतकऱ्यांना शिकवितो, ही कथा कापसाच्या रानात उभ्या असलेल्या माणसाला परकी वाटणारच नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाच्या लेखिका वीणा गवाणकर यांनी स्वतः ग्रंथपाल म्हणून काम केले आहे. एका ग्रंथपालाला भावलेले चरित्र अशा रीतीने लक्षावधी मराठी घरांत पोहोचले. शिफारशीचे याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे?

गृहिणीला 'स्मृतिचित्रे' द्यावीत. संसाराच्या ओढाताणीत राहूनही लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतःचे हसू आणि स्वतःची भाषा गमावली नाही. महाभारत कीर्तनातून ऐकलेल्या ज्येष्ठांना इरावती कर्व्यांचे 'युगान्त' द्यावे. ते पटो वा न पटो, परिचित पात्रांकडे पुन्हा पाहावयास लावील. दुष्काळ अनुभवलेल्या गावाला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि मराठवाड्याच्या मातीतून आलेली रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आपलीच वाटतील. लातूर जिल्ह्यातून आलेले लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' सुस्थित घरांतील तरुणाने अवश्य वाचावे. आपल्या शेजारचा समाजबांधव कोणते जिणे जगला हे ठाऊक नसेल, तर समरसता हा शब्द भाषणापुरताच राहतो.

येथे एक आक्षेप येतो. ग्रंथपालाने सुचवावयाचे म्हणजे स्वतःची मते वाचकावर लादावयाची काय? हा धोका खरा आहे आणि त्यापासून प्रत्येक विचारधारेच्या माणसाने सावध राहिले पाहिजे. चांगली शिफारस आधी ऐकते आणि नंतर बोलते. वाचकाचे वय, काम, आवड, अडचण समजून घेऊन ती ग्रंथ पुढे करते. आवडला नाही तर दुसरा देते. स्वातंत्र्यवीर सावरकरांची 'माझी जन्मठेप' बहुतेक जण कोलूच्या वर्णनासाठी आठवतात. परंतु अंदमानात बंदिवानांना साक्षर करण्याची आणि त्यांच्यासाठी ग्रंथालय उभारण्याची त्यांनी केलेली खटपटही त्याच ग्रंथात आहे. जेथे कागद बाळगणे अपराध होता, तेथे हे घडले. आपल्यापुढे तशी कोणतीही अडचण नाही.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. मुलांच्या हाती मोबाइल आहे, मग पुस्तक कोण घेणार? घरातील मोठ्यांच्या हातीही तोच आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आणि तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या ग्रामीण ग्रंथपालाकडून उत्साहाची अपेक्षा करताना त्याच्या उदरनिर्वाहाची चिंता समाजाने आणि शासनाने वाहिली पाहिजे, हेही तितकेच खरे.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक वेदनादायी बाजू आहे. कपिलधारची यात्रा दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी भरते. याच सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयता बांधून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. अनेकदा मुलेही सोबत जातात. पुढचे पाच-सहा महिने शाळा आणि वाचनालय गावात राहते आणि वाचक उसाच्या फडाशेजारच्या कोपीत! आठ दिवसांत पुस्तक परत करण्याचा नियम आणि अनामत रकमेची अट या मुलांच्या काय कामाची?

यावर उपाय नवा शोधावा लागणार नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी फिरत होत्या. रंगनाथन यांच्या प्रेरणेने १९३१ साली तमिळनाडूतील मन्नारगुडी परिसरात बैलगाडीतून ग्रंथालय हिंडले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाने हीच पेटी देशाबाहेरील मराठी घरांपर्यंत नेली. जी पेटी समुद्रापलीकडे जाऊ शकते, ती बीडच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर का जाऊ नये?

कपिलधारच्या यात्रेत प्रसादाच्या, खेळण्यांच्या दुकानांशेजारी ग्रंथांचे एक दालन असावे. तेथे विक्रीपेक्षा विचारपूस अधिक व्हावी. परिसरातील ग्रंथपालांनी आळीपाळीने बसावे आणि ऊसतोडीला निघालेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या वयाची चार-पाच पुस्तके हंगामभरासाठी, अनामतीवाचून द्यावीत. काही पुस्तके फाटतील, काही परत येणार नाहीत. ती हानी नव्हे, ग्रंथालयाचा तो विनियोग आहे. कार्यकर्त्यांनी पेट्या उचलाव्यात, मध्यमवर्गीय कुटुंबांनी वाचून झालेली सुस्थितीतील पुस्तके द्यावीत आणि कारखान्यावरील मंडळींनी तेथे आठवड्यातून एक सायंकाळ मुलांसमवेत वाचन करावे.

याच जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' मराठीचा आद्यग्रंथ मानला जातो. तेथीलच दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडी पासोडीवर ग्रंथ लिहिला. ज्या भूमीने मराठीला ग्रंथ दिले, त्या भूमीतील मुलाच्या गाठोड्यात कोयत्याबरोबर एखादे पुस्तक असू नये, हे आपल्याला शोभणारे नाही. येत्या कार्तिकीला निदान एका टोळीपासून आरंभ व्हावा.