कर्म कुठं गेलं?



आमच्या वस्तीत रविवारी दुपारी दहा-बारा जणी इंग्रजी शिकायला येतात. कुणी धुणीभांडी उरकून येते, कुणी पोळीभाजी केंद्रावरून, एक अंगणवाडी सेविका आहे. मुलांच्या शाळेत चार वाक्यं बोलता यावीत, बँकेतला फॉर्म वाचता यावा, एवढीच त्यांची अपेक्षा. शिकवायला मी. मी काही इंग्रजीची प्राध्यापिका नाही. बाजारात मिळालेलं एक गाइड पुढ्यात घेऊन आम्ही सगळ्याच शिकतो.

मागच्या महिन्यात त्या गाइडात 'पुट अप विथ' आलं. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सह. तिन्ही एकत्र आले की या अर्थांचा मागमूसही उरत नाही. अर्थ होतो सहन करणे. खाली सरावासाठी वाक्यं होती. 'शी पुट्स अप विथ हर हजबंड्स टेंपर.' ती नवऱ्याचा तापट स्वभाव सहन करते. आणि दुसरं, 'द बॉस वोन्ट पुट अप विथ लेटकमर्स.' उशिरा येणाऱ्यांना साहेब खपवून घेणार नाहीत.

मी फळ्यावर मराठी शब्द मागितले. भराभर आले. सोसणे, सहन करणे, चालवून घेणे, निभावून नेणे, जुळवून घेणे, सांभाळून घेणे. या एका बाबतीत आपली भाषा किती श्रीमंत! तेवढ्यात मागून एक जण म्हणाली, "ताई, साहेब म्हणतो खपवून घेणार नाही. आम्हाला म्हणतात सांभाळून घे. क्रियापद एकच ना?"

एकच. पण ज्याच्या हातात सत्ता आहे, त्याच्या वाट्याला ते नकारासकट येतं. मंत्री, साहेब, सासरे, नवरा हे सगळे काही ना काही 'खपवून घेणार नाही' म्हणतात. बाईच्या वाट्याला तेच आज्ञार्थी येतं, 'घे'. सांभाळून घे, समजून घे, जुळवून घे. देणारा कोण, ते कुणी विचारत नाही.

त्या रात्री मी गाइड पुन्हा उघडलं आणि एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत 'पुट अप विथ' म्हणून थांबता येत नाही. 'शी पुट्स अप विथ' एवढंच लिहिलं तर ते वाक्यच नाही. विथच्या पुढे काय सहन करते ते सांगावंच लागतं. गोंगाट, उकाडा, शिव्या, मार, काहीही असो, पण नाव घ्यावं लागतं. व्याकरणात त्याला कर्म म्हणतात. मराठीत मात्र 'जरा सांभाळून घे' हे पूर्ण वाक्य आहे. 'बाईनं सोसायचं असतं' हेही पूर्ण वाक्य आहे. काय सांभाळायचं, काय सोसायचं, याची जागा रिकामी. आणि बाईनं विचारलंच, तर उत्तर मिळतं, "तुझं कर्म!" व्याकरणातलं कर्म गाळायचं आणि कपाळावरचं कर्म पुढे करायचं, अशी ही चलाखी आहे.

इंग्रजी भाषा फार न्यायी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. तापट नवऱ्याचं ते वाक्य इंग्रजीतच होतं. शिवाय 'टेंपर' म्हटलं की नवऱ्याचा हात दिसत नाही, फक्त स्वभाव दिसतो. म्हणजे कर्म नुसतं असून भागत नाही, ते खरं असावं लागतं.

आता बोट स्वतःकडे वळवते. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका समुपदेशन केंद्रात काम करत होते. एक तरुण बाई आली. नवरा बोलत नाही, सासू जेवायला देत नाही, असं काहीबाही सांगत होती, मध्येच थांबत होती. बाहेर अजून पाच जणी बसल्या होत्या. मी तिला म्हटलं, "लेकरू लहान आहे, थोडं सांभाळून घे." रजिस्टरमध्ये लिहिलं, 'कौटुंबिक वाद. जुळवून घेण्याचा सल्ला दिला.' सात महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. मी जुनी नोंद काढली. त्या दोन ओळींत कोण मारतं, कशानं, कधीपासून, काहीच नव्हतं. तिच्या तक्रारीतलं कर्म मीच खोडलं होतं. मारणारा हात नवऱ्याचा, पण 'घे' म्हणणारा आवाज माझा होता. हे मी विसरलेले नाही.

काही कार्यकर्त्या म्हणतात, शब्दांचा कीस कशाला काढता, मारहाण थांबवा. पण शब्दांवरच खटले उभे राहतात आणि पडतात. मथुरा प्रकरण आठवा. १९७२ साली पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. भीतीपोटी हतबल होणं म्हणजे संमती नव्हे, हा फरक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं केला आणि पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, तिनं प्रतिकार केल्याची खूण नाही, असं म्हटलं गेलं. १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. ती सगळी लढाई सोसणं आणि संमती या दोन शब्दांमधल्या अंतराची होती. इंग्रजीत 'पुट अप अ फाइट' असंही म्हणतात, म्हणजे झुंज देणे. घरात आपल्याला सांगतात 'पुट अप विथ' कर, आणि कोर्टात विचारतात 'पुट अप अ फाइट' का नाही केलंस? एकाच बाईनं दोन्ही परीक्षा कशा पास व्हायच्या?

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्यानं हिंसेला नावं दिली. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आर्थिक. घरखर्चाला पैसे न देणं, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणं, चारित्र्यावर संशय घेणं, हे सारं त्याच्या अहवालाच्या नमुन्यात लिहिता येतं. रिकाम्या जागेत कर्म भरण्याची ती सोय आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४५ टक्के बायकांनी सांगितलं की काही ना काही कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. कायदा झाला, पण 'घे' म्हणणारं क्रियापद अजून घरात, चौकीत आणि आपल्या केंद्रातही राहतं. मे २०२४ मधल्या एका निकालातही सर्वोच्च न्यायालयानं सहनशीलता आणि जुळवून घेणं हा सुखी संसाराचा पाया सांगितला.

कुणी म्हणेल, संसारात थोडं सोसावं लागतंच, आणि ते पुरुषालाही लागतं. खरं आहे. घोरणं, सासूबाईंचा टीव्ही, मिठाचं कमीजास्त हे सगळेच सोसतात. मग तसं म्हणा ना! 'घोरणं सांभाळून घे' म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. आता म्हणून बघा, 'पट्ट्याचा मार सांभाळून घे', 'दिराचा हात सांभाळून घे'. नाही म्हणवत. म्हणवत नाही म्हणूनच कर्म गाळलं जातं. सल्ला पूर्ण वाक्यात देता येत नसेल, तर तो सल्ला देऊ नये.

आपल्याकडे याची वाट फार पूर्वी रखमाबाईंनी दाखवली. अकराव्या वर्षी लग्न झालं, पुढे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवऱ्यानं १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावानं इंग्रजीत पत्रं लिहिली आणि बालविवाहानं बाईचं काय काय हिरावलं जातं ते स्पष्ट मांडलं. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असा हुकूम दिला. तुरुंग चालेल, म्हणाल्या. पुढे तडजोडीनं सुटका झाली, आणि त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी विथच्या पुढे काय आहे ते सगळ्यांदेखत वाचून दाखवलं आणि नकार दिला.

म्हणून माझं आपल्या सगळ्या गटांना सांगणं आहे. आपल्या रजिस्टरमधून 'जुळवून घेण्याचा सल्ला दिला' ही ओळ काढून टाकू या. 'कौटुंबिक वाद' हा शब्दही नको; वाद दोघांचा असतो, मार एकीला बसतो. समेट लिहायचाच असेल तर कोणत्या अटींवर आणि कुणी काय करायचं थांबवलं, ते लिहू या. चौकीत हवालदार 'समजून घ्या बाई' म्हणाला, तर तिथल्या तिथं विचारू या, "काय समजून घेऊ, साहेब? नाव सांगा."

गेल्या रविवारी मी वर्गात वाक्यं करायला सांगितली. मागून प्रश्न विचारणाऱ्या त्याच बाईनं फळ्यावर देवनागरीत लिहिलं, 'आय वोन्ट पुट अप विथ'. आणि खडू हातात धरून थांबली. मी म्हटलं, "पुढे?" ती म्हणाली, "लिहिते ताई. यादी मोठी आहे."