जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे

सायकलची ट्यूब केव्हा फुटते? रबर कमजोर असेल आणि त्यातच दाब वाढला तर. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, तेव्हा असेच काहीसे घडते. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील काही रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. रक्ताचा प्रवाह कमीजास्त झाला की त्या फुटू शकतात; तेही बहुधा पहिल्या ३ दिवसांत.

काहींच्या बाबतीत या नाजूकपणात जनुकांचाही वाटा असतो. सीओएल४ए१ या जनुकात रक्तवाहिनीच्या भिंतीतील एका कोलॅजनचा आराखडा असतो. आराखडा चुकला, की भिंत कच्ची राहते. डग्लस गूल्ड, सायमन जॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिले. त्यांचा २००६ मधील निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. असा दोष असलेली पिल्ले शस्त्रक्रियेने जन्माला आणली, तेव्हा मोठा रक्तस्राव टळला. जनुक तेच, जन्माच्या वेळचा ताण तेवढा टळला!

माणसांत हा दोष विरळाच. तो आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. कधी नव्यानेच उद्भवतो. तरीही घरात बोल लावला जातो तो आईलाच. हा अन्याय आहे. प्रसूती फार लवकर होणार असे दिसताच आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाच्या मेंदूतील रक्तस्रावाचा धोका कमी होतो. तेव्हा दोषी कोण, हे शोधत बसण्यापेक्षा धोका कसा घटेल, हे शोधा. विज्ञानाचे काम तेच आहे.