दास नावाची पाटी

पेड, तालुका तासगाव, जिल्हा सांगली. चांभाराचं घर. बाप मुंबईच्या फुटपाथवर जोडे शिवणारा, आई दुसऱ्याच्या रानात राबणारी. थोरला दत्ता माझगाव डॉकमध्ये चिकटला, मागून अशोक. पुढं तिघा भावांच्या नावांची आद्याक्षरं जोडून कंपनी निघाली: दत्ता, अशोक, सुरेश. 'दास ऑफशोअर'. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दास म्हणून राबवलं त्यांनी तीच अक्षरं पाटीवर रंगवली आणि समुद्रातल्या तेलविहिरींची लोखंडी कामं घेतली. मला यात मजा वाटते, लपवत नाही.

त्यातले सुरेश खाडे २००४ साली भाजपकडून जतचे आमदार झाले. २००९ पासून मिरज, २०२४ लाही मिरजच.

दोस्तांनो, सातारा-सांगलीत विधानसभेच्या १६ जागा. आपल्याला राखीव दोन, फलटण आणि मिरज. बाकी कृष्णाकाठचं राजकारण म्हणजे कारखाना, सोसायटी, दूध संघ, जिल्हा बँक. यातल्या एकाची तरी किल्ली आपल्या कनवटीला आहे का? १९३२ च्या पुणे करारानं जागा ७१ च्या १४८ झाल्या खऱ्या, पण आपला माणूस कोण हे ठरवायची सत्ता गावच्या बहुसंख्येकडं गेली. राखीव आमदार वाड्यावर पसंत पडावा लागतो. स्वतःचा धंदा असलेला माणूस निदान खर्चापाण्यासाठी त्या ओसरीवर बसायला बांधलेला नसतो. ही गोष्ट लहान नाही. पक्षाला मात्र तोही बांधलेलाच.

आणि इथंच माझं भांडण सुरू होतं. २०२२ ते २०२४ खाडे राज्याचे कामगारमंत्री होते. ६ सप्टेंबर २०२३ ला उद्योग, ऊर्जा, कामगार विभागानं जीआर काढला: सरकारी कचेऱ्यांत नऊ खाजगी एजन्स्यांमार्फत कंत्राटी माणसं. पोरं रस्त्यावर आली, बोंब झाली, ऑक्टोबरात सरकारनं तो गुंडाळला. वर सांगितलं, ही प्रथा आधीच्या सरकारांची. असेल. साल्या दोन्ही सरकारांना ती गोड लागली, एवढाच त्याचा अर्थ. एजन्सीच्या भरतीत राखीव जागा कुठल्या पानावर असतात, कुणी दाखवावं.

माझगाव डॉक १९६० पासून सरकारी. तिथं चांभाराच्या पोरांना कायम पगार मिळाला, हाताला कसब मिळालं, साहेबाच्या बरोबरीनं नकाशा वाचायला मिळाला. त्या जोरावर पाटी लागली. भांडवल काय आभाळातनं पडलं नव्हतं. आज पेडचा पोरगा मुंबईला उतरला तर त्याला पहिला भेटतो लेबर कंत्राटदार, बारा तासांची ड्यूटी आणि वर्षाअखेर ब्रेक.

आमदारांच्या सत्काराला हार घेऊन जाणाऱ्यांनी जरूर जावं. फक्त हाराबरोबर एक अर्ज न्या: मिरज एमआयडीसीत कायम कामगार किती, कंत्राटी किती, त्यात आपले किती? पोच घ्या. सहीशिक्क्याची.